बारा नंबरच्या लूममागचे अंडे

अंड्यातल्या पिल्लाला बाहेरून मदत करायची नाही. हॅचरीत कामाला लागलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगितले जाते आणि बहुतेक जण पहिल्या महिन्यातच हा नियम मोडतात. मीही मोडला. पुढच्या सव्वीस वर्षांत हाच नियम मी नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला आणि एकदाच, घड्याळ समोर ठेवून, पुन्हा मोडला. त्या एका वेळेची ही हकिगत आहे. त्याआधी धंदा थोडा समजावून सांगायला हवा, कारण बाजारातून अंडी आणणाऱ्याला ती आतून माहीत असण्याचे काही कारण नाही.

हॅचरी म्हणजे कोंबडीवाचून अंडी उबवण्याचा कारखाना. आमचा सुरतेबाहेर, पलसाण्याच्या बाजूला हायवेवर होता. दोन्हीकडे कापड रंगवणारी युनिटे, मध्ये आमची पांढरी, बिनखिडक्यांची इमारत. अंडी अठरा दिवस सेटर नावाच्या खोलीएवढ्या यंत्रात राहतात. तापमान साडेनव्व्याण्णव अंश फॅरनहाइट, हवा मोजून ओली, तासातासाला ट्रे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर. कोंबडी चोचीने अंडी फिरवते, तेच काम यंत्र करते. अठराव्या दिवशी अंडी हॅचरमध्ये जातात. तिथे ती हलवत नाहीत, फक्त ओलावा वाढवतात. एकवीस दिवस पुरे झाले की दार उघडायचे. बाहेर आलेली पिल्ले मोजून खोक्यांत भरायची आणि टेम्पोत चढवायची. ट्रेमध्ये जी अंडी उरतात त्यांच्याकडे पाहायचे नाही. त्यांतल्या काहींना भोक पडलेले असते, आतून आवाजही येत असतो. पण टेम्पो एका अंड्यासाठी थांबत नाही.

आता आतले. पिल्लू आधी अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालते आणि पहिला श्वास घेते. मग कवचाला एक टोचा मारते. आणि थांबते. दहा-बारा तास, कधी त्याहून अधिक. बघणाऱ्याला वाटते, दमले, अडकले. प्रत्यक्षात याच वेळात सर्वांत मोठे काम चाललेले असते. कवचाच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यातले रक्त अंगात ओढून घ्यायचे, उरलेला बलक पोटात घ्यायचा. ते संपले की पिल्लू गोल फिरत कवच कापते आणि तासाभरात बाहेर येते. त्याआधी कोणी कवच सोलले तर पडदा फाटतो आणि रक्त जाते. अंड्याच्या हिशेबात दोन थेंब रक्त म्हणजे पुष्कळ.

मी मूळचा अमळनेरकडचा. जिल्ह्याच्या एका दैनिकात साडेतीन वर्षे उपसंपादक होतो. दैनिक बंद पडल्यावर सुरतेला आलो. हॅचरीत घेतले ते अक्षर वाचता येण्याजोगे होते म्हणून. दर तासाला तापमान आणि ओलावा वहीत टिपणारा माणूस त्यांना हवा होता. पहिल्याच महिन्यात उरलेल्या ट्रेमध्ये टोचा पडलेली सात अंडी मला दिसली. जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून मी ती नखाने सोलली. पाच पिल्ले तिथेच रक्त जाऊन गेली. दोघांचा बलक बाहेर राहिला होता, ती संध्याकाळपर्यंत गेली. वानखेडे म्हणून आमचे जुने ऑपरेटर होते, अकोल्याकडचे. त्यांनी ट्रे पाहिला, माझे हात पाहिले आणि एवढेच विचारले, "घाई कोनाची होती? त्याची का तुही?"

मी आयुष्यात बरीच संपादकीये वाचली. त्यांतले एकही मला या प्रश्नाइतके आठवत नाही.

धंद्यात हळूहळू हात बसला. वेळ साधणे हे आमचे खरे कसब. कामरेज बाजूच्या एका पोल्ट्रीवाल्याला त्याच्या नव्या शेडसाठी पिल्ले दिवाळीनंतरच्या लाभपांचमच्या सकाळी, मुहूर्तावरच हवी होती. मॅनेजर हसले. मी उलटे दिवस मोजून त्याची अंडी यंत्रात ठेवली आणि लाभपांचमला सकाळी नऊ वाजता त्याची खोकी त्याच्या दारात होती. त्याने पेढे दिले आणि पुढच्या खेपेला विचारले, सगळ्या माद्याच निघतील असे काही जमेल का?

आता ती हकिगत. वर्ष नव्वदच्या दशकाच्या मध्यातले, महिना मार्च.

मी लिंबायतला एका चाळीत राहत होतो. चाळ बहुतेक लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणाऱ्या खानदेशी कामगारांची. शेजारच्या खोलीत सुखदेव आणि इंदूबाई हे शिंदखेड्याकडचे जोडपे होते. सुखदेव पाच मिनिटांवरच्या शेडमध्ये चार लूम सांभाळत होता. इंदूबाई त्याच शेडमध्ये बॉबिन भरत होती. चाळीत मला सगळे 'पेपरवाले' म्हणत. पेपर बंद पडून चार वर्षे झाली होती, तरी नाव चालू होते.

आदल्या दिवाळीत इंदूबाईची आई वारली. दोन्ही भावांनी घर आणि भांडीकुंडी वाटून घेतली. इंदूबाईने एकच गोष्ट मागितली: आईची कोंबडी. आईकडे ही कोंबड्यांची वीण इंदूबाईच्या लग्नाआधीपासून होती. तांबूस अंग, पायांवर पिसे, मानेवर काळा पट्टा. भावजयांनी बाकीच्या कापून खाल्ल्या होत्या. उरलेली एक इंदूबाईने पिशवीत घालून, वर पदर धरून, नंदुरबारहून पॅसेंजरने सुरतेला आणली. चाळीत कुत्र्यांचा त्रास, म्हणून ती लूमच्या शेडमध्ये राहू लागली. शेठने चालवून घेतले, कारण ती झुरळे खात होती. शेजारच्या शेडच्या रखवालदाराचा कोंबडाही तिथे फिरकत असे.

फेब्रुवारीच्या अखेरीस कोंबडी खुडूक झाली. बारा नंबरच्या लूममागे, सूत गुंडाळलेल्या जाड बीमच्या आडोशाला, इंदूबाईने टोपलीत भुसा घालून आठ अंड्यांवर तिला बसवले. प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ ओढली, तिच्या आईची पद्धत. साठ लूमच्या खडखडाटात ही कोंबडी बसेल असे कोणालाच वाटले नव्हते. त्या शेडमध्ये माणसे एकमेकांशी कानात तोंड घालून बोलतात, नाहीतर हातांनी. कोंबडी बसली. लूम दिवसरात्र चालत होते. साप्ताहिक सुट्टी कागदावर होती. ती मान आत घालून, डोळे मिटून, हलत नव्हती.

मग धुळेटी, म्हणजे होळीनंतरची धुळवड, आली आणि शेड चोवीस तास बंद राहिली. खडखडाट थांबला आणि कोंबडी उठली. कारण मी सांगू शकत नाही, घटना सांगतो. ज्या आवाजाला ती भिईल असे सगळ्यांना वाटत होते, तो आवाज गेल्यावर ती टोपलीतून उतरली, अर्धवट उघड्या शटरखालून बाहेर आली आणि गल्लीत कुत्र्यांच्या तोंडी गेली. इंदूबाईला दुपारी कळले. अंडी किती वेळ उघडी होती हे कोणाला माहीत नव्हते. ती आठही अंडी पदरात घेऊन माझ्या दारात आली.

"पेपरवाले भाऊ, जित्तं शे का यामा काही?"

बॅटरीवर पुठ्ठ्याची नळी लावून मी एकेक अंडे पाहिले. सहा थंड आणि मृत होती. दोन अंड्यांत सावली हलली. दिवस किती झाले विचारले. तिने सांगितले, सतरावा. मी वहीत सतरा लिहिले.

हॅचरीत बाहेरचे अंडे आणता येत नाही. एका गावठी अंड्यावरून रोग आत आला तर यंत्रातली सगळी अंडी जातात. आमच्या कामगारांना घरी कोंबडी पाळायचीही मनाई होती. हे सगळे माहीत असून मी दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर उभा राहून मॅनेजरांना विचारले. लपवून न्यायचे नव्हते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ईंडुं अंदर नहीं आवे. ने तमे पण नहीं." अंडे आत येणार नाही आणि तुम्हीसुद्धा नाही. ते संपल्यावर तीन दिवस थांबायचे, अंघोळ करून, कपडे बदलून मग यायचे. मी रजेचा अर्ज तिथेच लिहून दिला. कारणाच्या ओळीत 'अंडे' असे लिहिले. मॅनेजरांनी ते खोडून 'घरगुती' केले.

सुताचा रिकामा खोका, चाळीस वॅटचा बल्ब, थर्मामीटर, वाटीत पाणी आणि वाटीत सोडलेली फडक्याची चिंधी, एवढ्यावर मी आदल्या दुपारीच खोलीत सेटर केला होता. तापमान झाकण कमी-जास्त उघडून राखायचे. पहिले दोन दिवस अंडी हाताने फिरवली. तिसऱ्या दिवशी एका अंड्यातली सावली थांबली. एक उरले.

इंदूबाई कामावर जाताना आणि येताना डोकावत होती. एकदाच म्हणाली की आईचा फोटो कोणी काढला नाही. भाऊ घर विकणार आहेत, असे ऐकले. हे एक निघाले तर निघाले. तिचे एवढेच मागणे होते आणि ते या खोक्यात होते.

इंदूबाईच्या मोजणीने एकविसाव्या दिवशी संध्याकाळी कवचाला टोचा पडला. बातमी चाळभर गेली. जो तो येऊन झाकण उचलून बघू लागला. मी अडवायला हवे होते. अडवले नाही, कारण मला कौतुक आवडत होते. हे लिहायला बरे वाटत नाही, पण पुढच्या सगळ्या अडचणीचे मूळ तेच होते.

सकाळी नऊला भोक तेवढेच होते. आवाज होता, पण बारीक. अकराला चोच हलायची थांबली. भोकाच्या कडेचा पांढरा, मऊ पडदा पिवळा आणि कागदासारखा झाला होता. झाकण वारंवार उघडल्याने ओल उडून गेली होती आणि पडदा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटत होता. अशा पिल्लाला गोल फिरता येत नाही. आपल्याच कवचात ते बांधले जाते. इंदूबाई कामावरून मध्येच उठून आली होती.

"आज बावीसवा दिन शे, भाऊ. आते तरी काढा त्याले."

माझ्या हातात चिमटा होता. बावीस दिवस म्हणजे मुदत उलटून गेली, रक्त ओढून झाले असणार, सोलायला हरकत नाही, असा माझा हिशेब. चिमटा कवचाला लावला आणि मला आमच्या दैनिकाचे मुख्य उपसंपादक आठवले. बातमीत आकडा आला की ते विचारत: कोणी मोजला? कधीपासून मोजला? मी इंदूबाईला विचारले, पहिला दिवस कोणता धरला.

ती म्हणाली, "ज्या दिन सांजले बसाडी, तो पहिला."

कोंबडी संध्याकाळी बसवली आणि तो पूर्ण दिवस धरला. हॅचरीत आम्ही चोवीस तास पुरे झाल्यावर एक म्हणतो. एकवीस दिवस आजच्या संध्याकाळी पुरे होणार होते. शिवाय धुळेटीला अंडे गार पडले, त्यानेही थोडा उशीर होतो. मुदत उलटली नव्हती. मी पाच दिवस एक न तपासलेला आकडा वहीत वागवत होतो. लाभपांचमचा मुहूर्त साधणाऱ्या माणसाने हे करायला नको होते. मी चिमटा खाली ठेवला.

मदत करायची नव्हती, पण वाळलेल्या पडद्यात तसेच ठेवले असते तर ते संध्याकाळपर्यंत टिकले नसते. तेवढ्यात सुखदेव जेवायला आला. त्याने खोक्यात वाकून पाहिले.

"हवा कोरडी व्हयनी," तो म्हणाला. "आमनं बी तसंच. कोरड्या हवामा तार तुटस."

सुरतेच्या लूमवर पॉलिएस्टरचा बारीक तार चालतो. हवा कोरडी पडली की तो ताठरतो, फुलतो, तुटतो. म्हणून शेडमध्ये ओली पोती टांगलेली असतात आणि जमिनीवर पाणी मारतात. आमच्या हॅचरीत ओलावा मोजायला इटालियन यंत्र होते. सुखदेव तो नाकाने मोजत होता. तो म्हणाला, जिथे तार तुटत नाही तिथे ठेवू.

एक वाजता आम्ही खोका उचलून शेडमध्ये नेला. सोबत गरम पाण्याची बाटली, वाटेत अंडे गार पडू नये म्हणून. बारा नंबरच्या लूममागे, टोपली होती त्याच जागी, पोत्यांच्या ओलीत खोका ठेवला, बल्ब जोडला. मी कोमट पाण्यात कापसाची वात बुडवून भोकाच्या कडेच्या पडद्याला लावली. पडदा ओला झाला की आतले दिसते. लाल रेषा दिसल्या. रक्त अजून पडद्यात होते. अकरा वाजता मी सोलले असते तर काय झाले असते, ते त्या रेषांनी स्पष्ट सांगितले.

आता नवी अडचण आली. साठ लूमच्या आवाजात पिल्लाचा आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. अंड्यावर बोट ठेवले तर अंडे थरथरत होते, पण त्या शेडमध्ये जमीनही थरथरत होती. पिल्लू जिवंत आहे की नाही, हे कळायला मला मार्ग नव्हता. सुखदेवने बॉबिनवरून हातभर तार काढला, अंड्यावरून आडवा टाकला आणि दोन्ही टोकांना वजनासाठी लूमची एकेक पातळ पिन बांधून ती खोक्यात मोकळी सोडली. तार बारीक, एकसारखा कापत राहिला. तो लूमचा कंप. सुखदेव ताराकडे बघत राहिला, तुटलेला तार शोधताना बघतात तसा. काही वेळाने तार एकदा, वेगळाच, वर उचलला गेला. मला तो दिसला नसता. सुखदेवने माझ्या कानाशी तोंड आणले.

"हाऊ झटका मधला शे." म्हणजे आतला, पिल्लाचा.

मी खिशातली वही काढली. एक चाळीस. पुढचा दोनला तीन मिनिटे कमी. मग दोन नऊ. सुखदेव आपल्या चार लूममध्ये फिरत होता आणि प्रत्येक फेरीला तारावर नजर टाकून मला बोटाने खूण करत होता. इंदूबाई बॉबिन भरत होती आणि माझ्या वहीकडे बघत होती. तिला आकडे कळत नव्हते. मी लिहितो आहे की थांबलो आहे, तेवढे तिला पुरत होते. पावणेतीन ते सव्वातीन मी काही लिहिले नाही. त्या अर्ध्या तासात तिच्या दोन बॉबिन गुंतल्या.

तीन अठरा. तीन पंचवीस. मग झटके जवळ येत गेले.

दर अर्ध्या तासाने मी पडदा ओला करत होतो. साडेचारला रेषा फिक्या झाल्या. साडेपाचला एकही लाल रेषा उरली नाही. तेव्हा मी नियम मोडला. चिमट्याने चोचीभोवतालचे नखाएवढे कवच काढले, वाळलेला पडदा ओल्या वातीने सोडवून मानेपाशी मोकळा केला आणि हात मागे घेतला. तेवढीच मदत. चिमट्याला रक्ताचा डाग नव्हता. तो मी पांढऱ्या कापडाच्या तुकड्याला पुसून पाहिला आणि तो तुकडा वानखेड्यांना दाखवायला ठेवून दिला. बाकीचे कवच पिल्लाने स्वतः कापले. सहा वाजून दहा मिनिटांनी ते बाहेर पडले: ओले, कुरूप, एक पाय वेडावाकडा. त्यावेळी इंदूबाईच्या मोजणीचा बाविसावा आणि माझ्या मोजणीचा एकविसावा दिवस होता.

शेडमध्ये कोणी लूम थांबवला नाही. सुखदेवने हात वर करून एक बोट दाखवले. पलीकडच्या रांगेतल्याने ते पुढच्याला दाखवले. असे ते बोट शेवटच्या लूमपर्यंत गेले. इंदूबाईने पिल्लाच्या पायाजवळ बोट नेले. पायावर ओल्या पिसांची रेघ होती. तिने मला काही म्हटले, ते आवाजात ऐकू आले नाही. मी पुन्हा विचारले नाही.

पाय चार दिवसांत सरळ झाला. मॅनेजरांच्या अटीप्रमाणे तीन दिवस थांबून, अंघोळ करून मी कामावर गेलो. वानखेड्यांनी तो पांढरा तुकडा खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि घडी करून परत दिला. म्हणाले, "आता तू ऑपरेटर झाला." पुढे मी त्या हॅचरीचा इन्चार्ज झालो, त्याचे पत्र टाइप केलेले होते. माझ्या हिशेबाने बढती त्या दिवशी झाली.

एक रुखरुख आहे, तीही लिहितो. त्यानंतर वीसपेक्षा अधिक वर्षे मी उरलेल्या अंड्यांचे ट्रे बाहेर काढायला सांगत राहिलो. त्यातल्या कोणत्याही अंड्यावर मी तार टाकून पाहिला नाही. कारखाना तसा चालत नाही, हे खरे आहे. ट्रे जाताना मी नजर खाली ठेवून वहीत काहीतरी लिहीत असे, हेही खरे आहे.

पिल्लू मादी निघाले. तांबूस अंग, मानेवर काळा पट्टा. पुढच्या वर्षी चैत्राच्या अखेरीस ती खुडूक झाली आणि इंदूबाईने तिला त्याच जागी बसवले, अकरा अंड्यांवर, कोळशाच्या रेघा ओढून. मोजणी या वेळी मी केली. आठव्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येत होती. आखाजीला खानदेशातली बाई माहेरी जाते. शेडमधले निम्म्याहून अधिक कामगार गावी निघाले आणि शेठने दोन दिवस लूम बंद ठेवायचे ठरवले. इंदूबाई निघाली नाही. भावांनी घर विकले होते.

लूम थांबणार म्हणताच आम्ही तिघांनीही टोपलीकडे पाहिले.

सुखदेवने शेठकडून किल्ली मागून घेतली. आखाजीच्या सकाळी साठ लूम गप्प असलेल्या त्या शेडमध्ये तो बारा नंबरच्या लूमवर बसला आणि हाताने चाक फिरवू लागला. खट, खट, खट. एका लूमचा, सावकाश, पण तोच आवाज. दोन तासांनी इंदूबाई बसली. चाळीत मागे राहिलेले दोघे-चौघे हसायला म्हणून आले आणि पाळी लावून गेले. माझी पाळी दुपारी बारा ते दोन. हॅचरीची सुट्टी मी त्यासाठी घेतली होती, अटीतल्या पुढच्या तीन दिवसांसकट. कोंबडीला हात न लावता, उभ्या आयुष्यात लूमला हात न लावलेला मी चाक फिरवत होतो. सुखदेव मागून सांगत होता, पेपरवाले, एवढ्या घाईने नाही, ती उठेल.

दोन दिवस कोंबडी दाण्यापाण्यापुरतीच उठली. आखाजीनंतर तेराव्या दिवशी, एकवीस पुरे होताना, अकरापैकी नऊ पिल्ले निघाली. एकालाही हात लावावा लागला नाही.